आधी अक्षरं सोडवा, मग सिस्टीम बदला

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. त्या दिवशी कुणाचा संगणक बंद पडला नाही की कुणाची फाईल उडाली नाही. पण सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या आपोआप मिळणं थांबलं. वेगळी नोंदणी केली तर आणखी एक वर्ष, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंत, त्या मिळतात. त्यानंतर विंडोज ११ ला पर्याय नाही, असं सगळे सांगतात. आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आपल्यापैकी किती जणांच्या घरी मोठ्या भावाने वापरून दिलेला, नाहीतर वापीहून सेकंडहँड आणलेला लॅपटॉप आहे, हे मोजून बघा. यातले बरेचसे या परीक्षेत नापास होतात. दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "आता याचं काही नाही, नवा घेऊन टाका."

म्हणूनच हल्ली कॉलेजात लिनक्सचं नाव जास्त ऐकू येतं. जुन्या मशीनवर चालतं, फुकट आहे, व्हायरसचा त्रास कमी. हे सगळं खरं आहे आणि मी स्वतः लिनक्सच्याच बाजूचा आहे. पण या लेखात मला 'लिनक्स टाका' एवढंच सांगायचं नाही. मराठीत लिहिणाऱ्यांनी, आणि विशेष करून आपल्यासारख्या वाङ्मय मंडळाने, सिस्टीम बदलण्याआधी एक काम केलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे. ते काम म्हणजे आपली अक्षरं सोडवणं. ते केलं नाही तर नवी सिस्टीम कितीही चांगली असो, आपलं मराठी जुन्याच मशीनवर अडकून राहील.

अक्षरं अडकतात म्हणजे काय होतं, ते एका उदाहरणाने बघू. डीटीपीच्या दुकानात वर्षानुवर्षं वापरलेला कृतिदेव फॉन्ट घ्या. त्यात 'मराठी' हा शब्द टाइप केला की पडद्यावर छान 'मराठी' दिसतं. पण संगणकाच्या पोटात काय साठतं? 'म' साठी इंग्रजी ई, 'र' साठी जे, कान्यासाठी के, 'ठ' साठी कॅपिटल बी आणि दुसऱ्या वेलांटीसाठी एच. म्हणजे इंग्रजीची पाच अक्षरं. फॉन्ट त्यांना फक्त मराठी मुखवटा चढवतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली की मुखवटा गळून पडतो आणि आपली कविता म्हणजे इंग्रजी अक्षरांचा निरर्थक कचरा दिसू लागते. त्या काळातल्या इतर मराठी फॉन्टांचीही हीच गत. शिवाय प्रत्येकाचा मुखवटा निराळा, त्यामुळे एकाचं लिहिलेलं दुसऱ्यात उघडत नाही.

युनिकोडमध्ये असं होत नाही. तिथे 'म' ला स्वतःचा क्रमांक आहे, २३५०. जगातल्या कुठल्याही संगणकावर, कुठल्याही फोनवर २३५० म्हणजे 'म'च. फॉन्ट बदलला तर अक्षराचं वळण बदलेल, अक्षर बदलणार नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी आपल्या देशात तयार झालेल्या 'इस्की' या प्रमाणावर बेतलेली आहे. म्हणजे हे काही बाहेरून लादलेलं प्रकरण नाही.

साधन हातात नसलं की लिपीवर काय वेळ येते, याचं एक जुनं उदाहरण आपल्या वाचकांना माहीत असेल. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राशोलला छापलं गेलं. भाषा मराठी, ओवी मराठी, पण छपाई रोमन अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते. पुढे १८०५ साली बंगालमधल्या सेरामपूरला विल्यम केरींचं मराठी व्याकरण देवनागरी अक्षरांत निघालं. नंतर मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहम यांनी देवनागरीचे सुबक खिळे पाडले, त्यांच्या हाताखाली जावजी दादाजी तयार झाले आणि त्यांनी 'निर्णयसागर' उभा केला. खिळे हातात आले, तेव्हा कुठे मराठी पुस्तक स्वतःच्या रूपात दिसू लागलं. 'क्रिस्तपुराण' बाहेरून रोमन होतं, आतून मराठी होतं. आपल्या जुन्या डीटीपी फायली बरोबर उलट्या आहेत. बाहेरून मराठी, आतून रोमन! चारशे वर्षांपूर्वी साधन नव्हतं म्हणून तसं करावं लागलं. आज साधन खिशातल्या फोनमध्ये आहे, तरी आपण तेच करतो.

यात टायपिस्टचा किंवा डीटीपीवाल्यांचा दोष नाही, हेही सांगायला हवं. नव्वदच्या दशकात मराठी छपाई संगणकावर आली ती याच फॉन्टांच्या जोरावर. पेजमेकर हा त्यांचा मुख्य प्रोग्राम होता. त्याची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ साली आली आणि तिलाही युनिकोड कळत नव्हतं. तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. आता आहे, तरी गाडी जुन्या चाकोरीतून चाललेली आहे. मजा बघा, आपण सगळे कविता लिहितो फोनवर, म्हणजे युनिकोडमध्येच. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो तीही युनिकोडमध्ये. छापायची वेळ आली की ती जुन्या फॉन्टात बदलली जाते, बदलताना 'ऱ्या' तुटतो, 'ज्ञ' चा भलताच कुणीतरी होतो, आणि मग आपण प्रूफं वाचत बसतो. चांगल्या स्थितीतला मजकूर आपणच बिघडवतो आणि पुन्हा दुरुस्त करतो.

हे इथे, सिल्व्हासात, जास्त महत्त्वाचं का? पुण्यात एखाद्या मासिकाची फाईल गेली तर कुठल्यातरी ग्रंथालयात छापील प्रत सापडते. आपल्याकडे तसं नाही. बाजारात गुजराती-हिंदी, औद्योगिक वसाहतीत हिंदी-इंग्रजी, घराघरांत वारली, कोकणा, धोडिया, आणि त्यांच्या शेजारी आपली मराठी. २ ऑगस्ट १९५४ ला दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांकडून मुक्त झाली, त्या लढ्यात संगीतकार सुधीर फडके उतरले होते, हे आपण भाषणांत अभिमानाने सांगतो. पण त्या काळाबद्दल इथल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या आठवणी कुणी लिहून घेतल्या असतील, तर त्या आज कुठल्या फाईलमध्ये आहेत? खानवेल, दुधनी, मांदोनीकडून येणारे आपले मित्र आजीकडून ऐकलेली वारली गाणी अंकासाठी लिहून देतात. ती दुसरीकडे कुठे छापलेली असण्याची शक्यता फार कमी. त्यांची एकमेव प्रत उद्या न उघडणाऱ्या फॉन्टात असेल, तर ती हरवल्यातच जमा.

आणखी एक गोष्ट. आपला अंक ई-अंक आहे, म्हणजे तो सगळ्यांपर्यंत पोचतो असं आपण धरून चालतो. पण जुन्या फॉन्टातून केलेली पीडीएफ दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला वाचता येत नाही. त्याला 'मराठी' ऐकू येण्याऐवजी इंग्रजी मुळाक्षरं ऐकू येतात. त्या पीडीएफमध्ये एखाद्या कवयित्रीचं नाव शोधलं तर सापडत नाही, कारण ते नाव तिथे अक्षररूपाने नाहीच. डोळस माणसाला अंक दिसतो, एवढंच. ज्या कॉलेजात सर्वांना सामावून घेण्याची शिकवण रोज कानावर पडते, तिथल्या मंडळाला ही गोष्ट खटकायला हवी.

आता कुणी म्हणेल, "अरे, युनिकोड तर विंडोजवरही चालतं, मग सिस्टीम बदलायची कशाला?" प्रश्न अगदी रास्त आहे. आणि म्हणूनच माझा क्रम असा आहे: आधी अक्षरं, मग साधनं, शेवटी सिस्टीम. पहिल्या दोन पायऱ्या आज आहे त्या विंडोजवरच चढता येतात. त्या चढून झाल्या की तिसरी इतकी सोपी होते की अनेकांना बदल झाल्याचं जाणवणारही नाही.

साधनांचं म्हणाल तर नियम एकच ठेवावा: जे विंडोजवर आणि लिनक्सवर दोन्हीकडे चालतं, तेच आधी हाताशी घ्यायचं. लिहिण्यासाठी लिबरऑफिस. ते दोन्हीकडे सारखंच दिसतं, त्याचे मेनूही मराठीत मिळतात. त्याच्या सेटिंगमध्ये भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'साठी मराठी निवडा, नाहीतर तो आपलं लिखाण हिंदी समजून चालतो. साठवताना ओडीटी या स्वरूपात साठवा. २००६ पासून ते आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही. कविता असेल तर साधी टेक्स्ट फाईलसुद्धा पुरते, फक्त 'यूटीएफ-८' हा पर्याय निवडलेला हवा.

टायपिंगची भीती सगळ्यात मोठी असते, पण ती बहुतेक वेळा विनाकारण असते. विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट आणि मराठी फोनेटिक हे दोन्ही कीबोर्ड आधीपासून आहेत, भाषेच्या सेटिंगमधून चालू करायचे. लिनक्सवर इनस्क्रिप्ट तर आहेच, शिवाय उच्चाराप्रमाणे चालणारा 'कगप' आहे. आयबस नावाच्या साधनात 'गमभन' पद्धतही मिळते. टाइपरायटरवर बोटं बसलेल्यांना त्यात हिंदीच्या नावाखाली रेमिंग्टन मांडणी सापडते. माझं मत विचाराल तर विद्यार्थ्यांनी इनस्क्रिप्ट शिकावं. पहिला आठवडा वैताग येतो, पण स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला अशी मांडणी असल्याने हात लवकर बसतो. शिवाय तीच मांडणी गुजरातीला आणि हिंदीलाही चालते. सिल्व्हासातल्या मुलांना एका शिकण्यात तीन भाषा, अजून काय पाहिजे?

फॉन्टबद्दलही थोडं. मराठीचा पाकळीदार 'ल' आणि देठाचा 'श' हिंदीपेक्षा वेगळे असतात. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रमांक एकच, वळण फॉन्ट ठरवतो. टिरो देवनागरी मराठी हा मोफत फॉन्ट खास मराठी वळणाचा आहे, पुस्तकी मजकुराला शोभतो. शीर्षकांसाठी मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बलू आहेत. सगळे कायदेशीररीत्या फुकट, त्यामुळे पायरेटेड फॉन्टांच्या पेनड्राइव्ह फिरवायची गरज नाही.

अंकाच्या मांडणीसाठी स्क्रायबस घ्यावं. २०२४ च्या १.६ आवृत्तीत त्याला देवनागरीची जोडाक्षरं नीट मांडता येतात. चित्रांसाठी गिंप आणि इंकस्केप. वारली गाणी ध्वनिमुद्रित करायला ऑडॅसिटी. फोनवरून संगणकावर फायली पाठवायला केडीई कनेक्ट, त्याला केबलही लागत नाही. आणि जुन्या अंकांसाठी सगळ्यात उपयोगी साधन म्हणजे टेसरॅक्ट. छापील पानाचा फोटो दिला की हे साधन त्यातली मराठी अक्षरं ओळखून युनिकोड मजकूर तयार करतं. आज्ञा टाइप करायचा कंटाळा असेल तर जीइमेजरीडर नावाची खिडकी त्याला जोडता येते. पान स्वच्छ असेल तर निकाल चांगला येतो. पण चुका राहतातच, त्यामुळे एकाने छापील पान मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने पडद्यावर तपासायचं, हे काम कुठलंही यंत्र करणार नाही.

तपासताना दोन सापळे लक्षात ठेवा. युनिकोडमध्ये मराठीचा 'ॲ' स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ साली आला. त्याआधी लोक 'अ' वर वेगळा चंद्र चढवून काम भागवत, आणि अजूनही अनेक कीबोर्ड तसंच करतात. दिसायला दोन्ही सारखे, पण एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. तेच 'ऱ्या'चं. तो दोन तऱ्हांनी साठवता येतो आणि डोळ्यांना फरक कळत नाही. अंक बंद करण्याआधी शोधा-आणि-बदला वापरून सगळीकडे एकच रूप करून घेतलं की काम झालं. पाच मिनिटांचं काम आहे, पण दहा वर्षांनी कुणी आपला अंक चाळेल तेव्हा त्याला शब्द सापडतील.

आता तिसरी पायरी. इथे मी थोडा सावध आहे. मसाट, पिपरियाच्या कंपन्यांत नोकरी शोधणाऱ्या कॉमर्सच्या मुलांना टॅली आणि एक्सेल आलंच पाहिजे, आणि टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही. इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्यांना ऑटोकॅडचं तेच. अशांनी विंडोज ठेवून बाजूला लिनक्स बसवावं, चालू करताना हवं ते निवडता येतं. 'सगळ्यांनी सगळं सोडा' हा आग्रह टिकत नाही. जर्मनीतल्या म्युनिक शहराच्या पालिकेने हजारो संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ साली परत विंडोजकडे वळायचं ठरवलं. त्यामागे राजकारण होतं, तशाच रोजच्या कामात अडणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या तक्रारीही होत्या. उलट आपल्याच देशात केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर चालल्या आहेत. तिथे नुसत्या सीडी वाटल्या नाहीत. शिक्षकांना आधी शिकवलं, मल्याळम टायपिंग बसवलं, अभ्यासक्रम त्याला धरून केला. मला यातून दिसतं ते एवढंच की माणसं तयार असली तर सिस्टीम टिकते. म्हणून मी अक्षरं आणि साधनं आधी धरतो.

ज्यांचा लॅपटॉप विंडोज ११ ला नापास झाला आहे, त्यांनी लिनक्स मिंट बघावं. २ जीबी रॅमवर ते उभं राहतं, ४ जीबी असेल तर सुखाने चालतं. २२ या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, रूफस किंवा व्हेंटॉय वापरून त्यावर मिंट चढवा आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा. काहीही न पुसता सिस्टीम वापरून बघता येते. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का, मराठी टाइप होतं का, हे आधी तपासा. पटलं तरच बसवा. बसवण्याआधी दोन गोष्टी न चुकता करा: सगळ्या फायलींची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या, आणि विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा. ही की नसेल तर स्वतःच्याच डिस्कचं कुलूप उघडणार नाही.

हे सगळं ज्याने त्याने एकट्याने करावं असं मला वाटत नाही. एकट्याने केलं की पहिल्या अडचणीला माणूस सोडून देतो. म्हणून मंडळापुढे माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, पुढच्या अंकापासून मजकूर फक्त युनिकोडमध्ये घ्यावा, आणि अंकही शेवटपर्यंत युनिकोडमध्येच राहावा. छापणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी सांगावं. दुसरी, प्रत्येक वर्गातून दोघांनी एक जुना अंक दत्तक घ्यावा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने तपासायचं. फाईल उघडत असेल तर कन्व्हर्टरने बदलायची, उघडत नसेल तर छापील प्रतीवरून टेसरॅक्टने. तिसरी, महिन्यातून एक शनिवार संगणक प्रयोगशाळेत ज्यांना लिनक्स बसवायचं आहे त्यांनी लॅपटॉप घेऊन यावं आणि ज्यांना जमतं त्यांनी मदत करावी. बीसीएची मुलं आणि मराठीची मुलं एका टेबलाशी बसली तर दोघांचाही फायदा आहे. त्यांना मराठी टायपिंग येईल, आपल्याला पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करता येईल.

विंडोज १० आज ना उद्या सगळ्यांनाच सोडावं लागणार आहे. कंपनीने तारीख ठरवली, आपल्याला विचारलं नाही. पण आपल्या लिखाणाची तारीख कंपनीने ठरवू नये, एवढं आपल्या हातात आहे. जुन्या अंकांची यादी करायला एक दुपार पुरेल. कुठले अंक फाईलरूपात आहेत, कुठले फक्त छापील, आणि कुठले कुणाच्या घरी पडून आहेत, हे मंडळाच्या पुढच्या बैठकीत लिहून काढू. ज्यांच्या कपाटात जुना अंक असेल, त्यांनी तो येताना घेऊन यावा.